पहिल्या पाळण्यातलं शून्य

बाबालाल शिकलगारांनी मला सुखरूप जमिनीवर उतरवलं, त्याला या चैत्रात सात वर्षं होतील. इंजिनिअर झाल्यावर माणसाचे पाय जमिनीला लागायला तसाही वेळ लागतो. माझे जरा जास्तच वर होते. ते खाली आणणाऱ्या माणसाचे आभार मानायचे राहून गेले, असं व्हायला नको, म्हणून हे लिहितेय.

साल २०४१. जत्रांमधल्या आकाशपाळण्यांसाठी त्या वर्षी नवा नियम आला. प्रत्येक पाळण्याला 'जाणती मोटर' बसवायची, तीन दिवस भर जत्रेत तिची चाचणी द्यायची, आणि अधिकृत अभियंत्याची सही घ्यायची. सही नाही तर परवाना नाही, परवाना नाही तर पाळणा भंगारात. ती मोटर आमची कंपनी बनवायची आणि सांगली-कोल्हापूर भागाची अधिकृत अभियंता होते मी, शर्वरी मगदूम, वय सव्वीस. बोरतळ्याच्या वाघजाईच्या जत्रेत मी पोचले तेव्हा बाबालालचाचा पाळण्याच्या आसाला वंगण लावत होते. सत्तरीला टेकलेले, बुटके, हातांचे पंजे मात्र पैलवानाचे. मिरजेहून दरसाल ते हा पाळणा घेऊन यायचे. बारा पाळण्यांचं ते चाक त्यांच्या वडिलांनी उभं केलं होतं आणि चाचांनी ते चाळीस वर्षं चालवलं होतं.

"म्हंजी आता शानी मोटर चालिवनार, आनि आमी वेडी मानसं बघत बसनार," जैतुनचाची म्हणाल्या. त्या चाचांच्या पत्नी. तिकिटं, पाणी, लोकांची रांग, सगळं त्या बघायच्या. त्या दिवसापासून मोटरचं नाव शानीच पडलं.

मी चाचांना टॉर्क समजावून सांगायला बसले. होय, मीच त्यांना. टॉर्क म्हणजे फिरवण्याचा जोर. नट घट्ट बसला की आपण लांब दांड्याचा पाना घेतो, कारण हाताचं बळ तेवढंच असलं तरी अंतर वाढलं की पीळ वाढतो. बळ गुणिले अंतर, बस. आपली मोटर मिनिटाला चौदाशे चाळीस फेरे घेते. ती थेट चाकाला जोडली तर माणसं शेजारच्या तालुक्यात जाऊन पडतील. म्हणून मोटरवर लहान पुली, पट्ट्याने जोडलेली पाचपट मोठी पुली, आणि पुढे साठास एक असा गिअरबॉक्स. पाच साठे तीनशे. वेग तीनशेपट घटतो, चाक मिनिटाला पाचेक फेरे घेतं, आणि टॉर्क जवळजवळ तीनशेपट वाढतो. जवळजवळ एवढ्यासाठी, की पट्टा आणि गिअर मधल्या मध्ये आपला वाटा खातात.

"वाटा खाल्ल्याबिगर कोन काम करतंय," चाचा म्हणाले. "फुडं सांग."

पुढचं त्यांना माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक होतं. चाकाच्या दोन्ही बाजूंना सारखं वजन असलं तर मोटरला फक्त घर्षणाशी झगडावं लागतं. एक बाजू जड झाली की तेवढा सगळा भार ती खाली-वर करत बसते. म्हणून जुने चालक 'जोड' लावतात. चाचा चढणाऱ्या प्रत्येकाला हात देत. माणूस त्या हातावर भार टाकून पाळण्यात पाय ठेवी तेवढ्यात ते वजन ओळखत आणि समोरच्या पाळण्यात जोडीची माणसं बसवत. पहिल्या दिवशी मी गंमत म्हणून त्यांचे अंदाज मोटरशी ताडून पाहिले. दीड-दोन किलोंपलीकडे फरक नव्हता. मी त्याला योगायोग म्हटलं.

मोटरची करामत अशी, की तिच्या अक्षावर केसाहून पातळ असा एक थर चढवलेला होता. लोखंडाचा अक्षसुद्धा भार आला की किंचित पिळवटतो. डोळ्यांना ते कधीच दिसत नाही, पण तो थर पिळवटला की त्यातून जाणारी वीज बदलते. मोटर हे सेकंदाला दोन हजार वेळा मोजायची आणि चाकाचा कोन लक्षात घेऊन सांगायची, की पाचव्या पाळण्यात एकशे अठरा किलो आहेत आणि त्यांतलं कुणीतरी चुळबुळ करतंय. धोका वाटला तर ती चाक आपणहून जखडून ठेवी. मग ते उघडायचं कंपनीच्या माणसांनीच. नाही म्हणायला गिअरबॉक्सपासून चाक सोडवणारी एक कळ होती आणि चाचांचा जुना लाकडी ब्रेकही नियमाप्रमाणे जागेवर ठेवला होता. पण कळीवर शिशाचं सील. ते तोडलं की परवाना तिथल्या तिथे रद्द.

पहिल्या दिवशी सकाळी मी मोटरमध्ये बारा पाळण्यांची माहिती भरली.

"पहिल्यात कोण बसतं, चाचा?"

"कुनी न्हाई. त्यो देवीचा."

मी शून्य लिहिलं. मोटरने विचारलं, 'कायम शून्य?' मी होय म्हटलं.

बोरतळ्यात रीत अशी, की पाळण्यातून सुखरूप उतरलेलं प्रत्येक घर पहिल्या पाळण्यात एक नारळ ठेवतं. वाघजाईनं वर नेलं, वाघजाईनं खाली आणलं. जैतुनचाची तो नारळ दोन्ही हातांनी घ्यायच्या, पदराने पुसायच्या आणि देवीच्या पाळण्यात ठेवायच्या. जत्रा संपली की ते सगळे फोडून खोबरं गावभर वाटायचं, तोवर त्यांना हात लावायचा नाही. पाळणेवाला मुसलमान आणि देवी वाघजाई, याचं तिथे कुणाला काही वाटत नव्हतं. मलाही वाटलं नाही. मला कशाचंच काही वाटत नव्हतं, मी पडद्यावरचे आकडे बघत होते.

दुसऱ्या दिवशी मोटर कुरकुरायला लागली. दर फेरीला एकदा, चाकाच्या एकाच जागी, तिला जास्त जोर लावावा लागत होता. अशा गोष्टीची दोनच कारणं असतात. एक तर त्या जागी जास्तीचं वजन आहे, नाहीतर आस वाकलाय किंवा त्याला भेग पडलीय. त्या जागी पहिला पाळणा होता, आणि तिथे वजन नाही असं मी तिला कायमचं सांगून ठेवलं होतं. तेव्हा तिच्यापुढे एकच कारण उरलं. पडद्यावर आलं, 'आसात दोष संभवतो.' तिसऱ्या दिवशी दुपारी हा इशारा तांबडा झाला तेव्हा मी ठरवलं, की स्वतः वर बसून आसाचा आवाज ऐकायचा.

"आसाला काय बी झालं न्हाई," चाचा म्हणाले. "म्या रोज कान लावतुय."

"कान आणि यंत्र यांत फरक असतो, चाचा," मी म्हणाले. हे वाक्य आठवलं की आजही कानशिलं तापतात. सातव्या पाळण्यात मी एकटीच बसले.

तिसऱ्या फेरीला मोटरने चाक जखडलं. मी माथ्याच्या जरा पुढे, उजवीकडे उतरायच्या बेतात होते. अगदी तळाशी असलेल्या बाराव्या पाळण्यातली दोघं चाचांनी लगेच उतरवली. बाकी आम्ही वीस जण अधांतरी. ऊन एकेचाळीस अंशांचं आणि पाळण्यांना छत नाही. डाव्या बाजूला, बरोबर मध्यावर तिसऱ्या पाळण्यात एक बाई चार महिन्यांचं लेकरू घेऊन बसली होती. लेकरू रडायला लागलं.

मी आमच्या पोतनीस साहेबांना फोन लावला. ते म्हणाले, पुण्याहून माणसं निघालीत, साडेतीन तास लागतील. कळीला हात लावू देऊ नका. आसाला खरंच भेग असली आणि चाक फिरलं, तर ते कुणाच्या गळ्यात पडेल?

त्यांचं चूक नव्हतं. भेग असली तर फिरवणं म्हणजे मरण. नसली तर साडेतीन तास त्या उन्हात ठेवणं म्हणजे त्या लेकराचं मरण. आणि भेग आहे की नाही हे सांगणारं एकच यंत्र होतं, ते आहे म्हणत होतं.

चाचांचा फोन आला. "पोरी, लेकरू रडायचं थांबलंय."

मी खाली पाहिलं. बाई त्याला पदराने वारा घालत होती आणि ते मान टाकून पडलं होतं.

"चाचा, सील तोडलं तर परवाना जाईल. पाळणाच जाईल."

"ते म्या तुला इचारलंच न्हाई. आसाचं सांग. तुला काय वाटतंय?"

"मला माहीत नाही, चाचा." तीन दिवसांत पहिल्यांदा मी खरं बोलले.

"मला म्हाईत हाय," ते म्हणाले. पक्कड लावून त्यांनी सील तोडलं. चाळीस वर्षं चालवलेला पाळणा त्यांनी त्या एका चिमट्यात घालवला, आणि त्याआधी एक श्वासही जास्तीचा घेतला नाही.

आता चाक मोटरपासून मोकळं झालं होतं आणि फक्त लाकडी ब्रेकवर थांबलं होतं. ब्रेक सैल केला की जी बाजू जड ती खाली येणार. तळाला आलेला पाळणा रिकामा करायचा, म्हणजे समोरची बाजू जड होणार, मग ती येणार. असं एकेक करून सगळे उतरवायचे. पण आधी चाक कुठे जाईल हे ठाऊक हवं. नाहीतर ते झोक घेणार, आणि सुटलेलं चाक ब्रेकचं ऐकत नाही.

मोटरचे आकडे माझ्या फोनवरही दिसत; तिथून मी वजनं घेतली. प्रत्येक पाळण्याचं वजन गुणिले आसापासूनचं त्याचं आडवं अंतर, ही बाजू, ती बाजू. वजाबाकी करून उत्तर आलं, उजवी बाजू चारशे चाळीस न्यूटन-मीटरने जड. म्हणजे मी खाली जाणार आणि लेकराची आई आणखी वर.

"चाचा, उजवीकडे जाईल. त्या बाईला आधी घेता येणार नाही."

"डावीकडं जाईल."

"मी हिशोब केलाय, चाचा."

"कर की. म्या केसाएवढा ब्रेक सोडतो. जातंय तिकडं बघू."

चाक करकरलं आणि डावीकडे गेलं. मी उतरायच्या ऐवजी चढले आणि थेट माथ्यावर जाऊन थांबले. आकडे खोटे पडले होते. चाचा बरोबर होते म्हणजे डावीकडे असं काहीतरी होतं जे माझ्या हिशोबात नव्हतं.

"चाचा, डावीकडे काय आहे?"

"काय म्हंजी? नारळ न्हाईत व्हय?" त्यांचा आवाज पहिल्यांदाच चिडका आला. "देवीचा पाळना डावीकडंच हुता की."

मी तीन दिवस ते नारळ चढताना बघत होते. त्यांतला एक तर मीच चाचींच्या हातात दिला होता.

"किती आहेत?"

मागून चाचींचा आवाज आला. "एकाहत्तर. म्या मोजल्यात."

एकाहत्तर नारळ, सरासरी सहाशे ग्रॅम, म्हणजे बेचाळीस-त्रेचाळीस किलो. थांबलो तेव्हा तो पाळणा आसापासून तीन मीटर डावीकडे होता. साडेबाराशे न्यूटन-मीटर डावीकडे, माझे चारशे चाळीस उजवीकडे. चाक डावीकडेच जाणार होतं. मग मोटरची तीन दिवसांची नोंद उघडली आणि जिला ती भेग म्हणत होती तो आकडा नारळांच्या वजनाशी लावला. तो पहिल्या सकाळी शून्य होता आणि नारळामागे नारळ वाढत गेला होता. भेग नव्हतीच. सुखरूप उतरलेल्या लोकांनी देवीला धन्यवाद म्हटले होते, त्यांचं वजन बेचाळीस किलो झालं होतं, आणि मी त्याच्यापुढे शून्य लिहिलं होतं. मी वर बसून रडले, आणि ते रडणं निम्मं आनंदाचं होतं. आस धड होता. सगळे उतरणार होते.

"चाचा, नारळ काढू नका," मी डोळे पुसत म्हणाले. "माझ्या समोरचा जोड तेच आहेत; ते असले की चाक झोक घेणार नाही. मी आता सगळं धरून सांगते."

"म्या कशाला काढतुय. तू सांग, म्या सोडतो."

पुढची चाळीस मिनिटं आम्ही दोघांनी मिळून ते चाक उतरवलं. मी वरून सांगायचे, आता डावीकडे सहाशे, आता जवळजवळ सारखं आहे, गडी लावून ढकलावं लागेल. चाचा ब्रेक धरून 'व्हय' म्हणायचे. दोनदा त्यांनी माझा आकडा खोडला. पाचव्या पाळण्यातल्या मास्तरांनी पिशवी शेजारच्या पाळण्यातल्या माणसाकडे दिली होती, ते खालून त्यांच्या हाताला कळलं आणि वरून मला दिसलं नाही. लेकराची आई दुसऱ्या खेपेला उतरली. चाचींनी लेकराच्या अंगावर ओला पंचा टाकला, थेंब थेंब पाणी पाजलं, आणि थोड्या वेळाने त्याने असं काही भोकाड पसरलं की खालचे लोक हसायला लागले. इतकं गोड रडणं मी त्याआधी ऐकलं नव्हतं.

शेवटी वर मी एकटी उरले आणि माझ्या बरोबर समोर देवीचा पाळणा. माझे बावन्न किलो, तिचे बेचाळीस. दहा किलोंच्या फरकाने मी जड होते, पण माथ्यावर आडवं अंतरच नसल्यामुळे चाक हलेना. गावातल्या दहा-बारा गड्यांनी कडं धरून ते माथ्यावरून सरकवलं आणि मग मी सावकाश खाली आले. बाबालालचाचांनी हात पुढे केला. मी त्यावर सगळा भार टाकला आणि उतरले.

आठवड्याने सांगलीला सुनावणी लागली. कंपनीचं निवेदन सकाळीच तिथल्या कचेरीत पोचलं होतं, 'अभियंत्याची सही पाचपर्यंत' असा शेरा घेऊन. चालकाने भार लपवला, मग सील तोडलं, मोटर निर्दोष. त्याखाली माझी सही हवी होती. पोतनीस साहेब फोनवर सौम्यपणे म्हणाले, पाचपर्यंत सही करा, नाहीतर उद्यापासून येऊ नका. दोन्हींपैकी काहीही केलंत तरी मला वाईट वाटेल.

सुनावणीला शिंगटेबाई नावाच्या अधिकारी होत्या. त्यांनी विचारलं, "पहिल्या पाळण्यात भार नाही, असं कोण म्हणालं?"

"म्या," चाचा म्हणाले. "कुनी न्हाई म्हनलो. माझीच चूक झाली."

"त्यांनी कुणी बसत नाही म्हटलं," मी म्हणाले. "मी विचारलंच तेवढं. आत काय आहे, हे मी विचारलं नाही. मोटरने मला दोनदा विचारलं आणि मी दोनदा खोटं सांगितलं. ती बिचारी मी सांगितलं तेच धरून चालली."

"पोरीचं मनावर घिऊ नका, बाई," चाचा म्हणाले. "तिनं वरनं आकडं सांगितलं नसतं तर चाक सुटलं असतं. एकट्याच्यानं झालं नसतं."

शिंगटेबाईंनी चष्मा काढला. "चूक माझी म्हणून भांडणारी दोन माणसं या टेबलाशी मी पहिल्यांदाच बघतेय. पण नियमात सील तोडल्याला माफी नाही. परवाना रद्द करावाच लागेल." त्यांनी तसं लिहिलं आणि शिक्का मारला. चाचींनी डोक्यावरचा पदर पुढे ओढला. चाचा हाताच्या पंजांकडे बघत राहिले.

"नव्याने अर्ज मात्र करता येतो," शिंगटेबाई पुढे म्हणाल्या. "आजसुद्धा. यंत्र आणि चालक दोन्ही योग्य आहेत, असं अधिकृत अभियंत्याने लिहून द्यावं लागतं. माझ्या यादीत या जिल्ह्याला अजून मगदूम मॅडमच आहेत." आणि त्यांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. चार वाजून दहा मिनिटं झाली होती.

मी व्हरांड्यात बाकावर बसून अर्ज भरला. बारा पाळण्यांचा तक्ता पुन्हा समोर आला. पहिल्यापुढे लिहिलं, 'नारळ, वाढता भार, रोज मोजावा.' शेरा म्हणून लिहिलं, की कळीवर सील नको, ती चालकाच्या हाताशी मोकळी असावी, कारण मोटरला जे सांगितलेलं नसतं ते चालकाला ठाऊक असतं. बाविसाव्या रकान्यात चालकाच्या पात्रतेचा पुरावा मागितला होता. तिथे मी चाचांचे हाताने ओळखलेले आकडे आणि मोटरचे आकडे शेजारी शेजारी मांडले. खाली सही केली आणि वेळ घातली, चार वाजून पंचेचाळीस मिनिटं. पाच वाजता मी कंपनीची अभियंता राहिले नाही.

शिंगटेबाईंनी नवा परवाना त्याच संध्याकाळी हातात दिला. बाकावर मी चाचींना साहेबांचं म्हणणं सांगितलं होतं; जिन्यावर आल्यावर त्यांच्याकडून चाचांना माझ्या नोकरीचं कळलं. ते दोन पायऱ्या उतरून थांबले.

"एका सहीपायी नोकरी घालवलीस, पोरी."

"नोकरी दुसरी मिळेल, चाचा," मी म्हणाले. "त्या दिवशी मला खाली उतरवणारा माणूस दुसरा नव्हता."

जैतुनचाचींनी माझा हात धरला आणि सगळा जिना उतरेपर्यंत सोडला नाही.